दिवसाचं घर

आमच्या घरात सकाळी अकराच्या सुमाराला जिन्याच्या खिडकीतून ऊन येतं आणि चौथ्या पायरीवर बसतं. त्या पायरीवर शेजारच्यांची मांजर आधीच येऊन बसलेली असते. मग दोघांची अर्धा तास सरकासरकी चालते. ऊन एक पायरी खाली उतरतं, मागोमाग मांजर उतरते. म्हसरूळचं हे रो-हाउस आम्ही २०११ साली घेतलं. त्याचे हप्ते दर महिन्याला माझ्या पगारातून जातात. आणि ही पायरीवरच्या उन्हाची गोष्ट मला २०२५ च्या १६ ऑगस्टला कळली.

मी पासहोल्डर आहे. नाशिकमध्ये एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही, लोक आपोआप 'अरेरे' म्हणतात. तरी सांगतो. पंचवटी एक्सप्रेसने रोज सकाळी नाशिकरोड ते सीएसएमटी आणि रात्री परत, याला आमच्यात अप-डाउन म्हणतात. ही गाडी १ नोव्हेंबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी थोरली. सहाला स्कूटर बाहेर काढायची, सातच्या आत गाडीत बसायचं, अकराच्या सुमाराला फोर्टातल्या ऑफिसात पोचायचं, संध्याकाळी सव्वासहाची तीच गाडी पकडायची, साडेदहाला घर. आमचा आठवडा सहा दिवसांचा. २०१२ पासून हे असंच चाललं आहे. मुंबईत खोली का घेत नाही, असं लोक विचारतात. घेतली होती, एक वर्ष, डोंबिवलीला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तर घराशी माझी ओळख ट्यूबलाइटच्या उजेडातली. ओट्यावर झाकलेलं ताट, झोपलेली लेक, बायकोच्या उद्याच्या डब्यासाठी भिजत घातलेले मूग, आणि हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून बातम्यांची पट्टी वाचत बसलेले बाबा. बाबा जागे असतात. मी चपला काढेपर्यंत थांबतात आणि विचारतात, "घाटात पाऊस होता का?" मी 'होता' किंवा 'नव्हता' म्हणतो. मग ते झोपायला जातात. तेरा वर्षांत आमच्या दोघांत एवढं नेमाने दुसरं काही बोलणं झालेलं नाही.

रविवार असतो की, असं कुणीही म्हणेल. पण रविवार हा दिवस नव्हे, ती दुरुस्ती असते. नऊपर्यंत झोप, मग केस कापणं, मिक्सरचं भांडं, गॅसचा नंबर, कुणाचं तरी बारसं. चार वाजल्यापासून सोमवार लागतो. शिवाय रविवारी घरातले सगळे माझ्याशी जरा जपून वागतात. चांगला चहा मिळतो, पेपर आधी मिळतो. हक्काच्या रजा म्हणाल तर त्या लग्नांत, दवाखान्यात आणि गणपतीत संपतात, आणि गणपतीतलं घर हे काही रोजचं घर नसतं.

त्या वर्षी १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. शनिवारी गोपाळकाला, बायकोच्या आणि लेकीच्या शाळांना सुट्टी. मी शनिवारची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, "कुठे जाताय?" मी म्हटलं, "घरी." त्यांना वाटलं मी काहीतरी लपवतोय.

लाँग वीकेंडला नाशिककराने घरातच राहावं, याला माझ्या मते सबळ कारण आहे. त्या तीन दिवसांत सगळी मुंबई आणि निम्मं पुणं आपल्याकडे आलेलं असतं. त्र्यंबकेश्वरच्या रांगेत, गंगापूर रोडच्या प्रत्येक मिसळीपुढे, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, सोमेश्वरच्या धबधब्यावर एमएच १५ सोडून बाकी सगळे नंबर दिसतात. आपण त्या गर्दीत भर घालू नये, हा साधा पाहुणचार.

आमच्याकडेही पाहुणे यायचे होते. ठाण्याचा आतेभाऊ, वहिनी आणि त्यांची तीन मुलं. "आता काय, समृद्धी झालाय," तो आदल्या रात्री फोनवर म्हणाला. "घाट लागतच नाही, बोगद्यातून थेट इगतपुरी. अकराला तुझ्या दारात." समृद्धीचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ५ जूनला सुरू झाला हे खरं आहे, आणि तो रस्ता उत्तम आहे हेही खरं असेल. अडचण एवढीच की त्यासाठी आधी भिवंडीपलीकडच्या आमण्याला पोचावं लागतं. नऊला फोन आला, भिवंडीच्या अलीकडे आहोत. साडेअकराला फोन आला, भिवंडीच्या अलीकडेच आहोत. दीड वाजता वहिनींचा फोन आला, आवाजात एक प्रकारची शांतता होती. ते परत फिरले होते. पाच माणसांचं पुरण आमच्या वाट्याला आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला मनातून बरं वाटलं.

पुरण होतं, कारण श्रावणातला शुक्रवार होता. देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला होता. वर नरसिंह, मग कालियामर्दन करणारा कृष्ण, मग पोरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, आणि खाली हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. लहानपणी मला त्यातला वाघ फार आवडायचा. आईला अष्टमीचा उपास होता, तिच्यासाठी भगर आणि दाण्याची आमटी वेगळी. पण नैवेद्य चुकवायचा नाही म्हणून पुरण तिनेच घातलं होतं आणि सकाळच्या झेंडावंदनानंतर मी रांगेत उभं राहून आणलेली जिलबी तिने एका बाजूला सारून ठेवली होती. पंधरा ऑगस्टची जिलबी आणि जिवतीचं पुरण एकाच ताटात, म्हणजे दुपारची झोप ही ठरवून घ्यायची गोष्ट राहिलीच नाही.

आईने मला पाटावर बसवलं. शेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, हाफ पँटमधला मी, आणि समोर पुरणाचे पाच दिवे लावलेलं ताम्हन. लेक फोटो काढत होती. ओवाळून झाल्यावर आई म्हणाली, "आज बरं झालं, अक्षता डोक्यावर टाकता आल्या." मी विचारलं, नाहीतर कुठे टाकतेस? तेव्हा कळलं की लेकरू गावाला असलं तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या असतात, आणि ती दर श्रावणात चारही शुक्रवारी, कधी पाचही, स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाकते.

"चारी दिशांना नाही काही," बाबा आतून म्हणाले. "मी सांगितलं तिला, चार दिशा कशाला? तो नैर्ऋत्येला असतो. फोर्ट आपल्यापासून नैर्ऋत्येला आहे."

"मग मी तिकडेच टाकते," आई म्हणाली. "त्या कडीपत्त्यावर पडतात."

शुक्रवार असा गेला. मी अजून पाहुणाच होतो. चहा विचारून मिळत होता, पंख्याखालची जागा माझी होती, आणि बायको दर दोन तासांनी विचारत होती, "कंटाळा नाही ना आला?" एक दिवसाची सुट्टी इथेच संपते. घरचे लोक तुमची सरबराई करतात, तुम्ही ती करून घेता, आणि दुसऱ्या दिवशी सहाला स्कूटर. घर तुमच्यापुढे नीटनेटकं बसलेलं असतं, मुलगी दाखवायला ठेवल्यासारखं.

शनिवारी घर मला विसरलं.

म्हणजे कुणी ठरवून नव्हे. पण सरबराई किती दिवस करणार? आठ वाजता मी हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसलो, तर बाबा येऊन समोर उभे राहिले. काही बोलेनात. मग कळलं की ती खुर्ची आठ ते साडेआठ त्यांची, कारण तिथून गच्चीच्या जिन्याचं दार दिसतं. मी दिवाणावर गेलो. तिथे लेकीने नववीची सगळी वह्या-पुस्तकं पसरली होती. "बाबा, तुम्ही त्या नकाशावर बसलाय." मी बेडरूममध्ये गेलो. बायको घटक चाचणीचे पेपर तपासत होती, गठ्ठे गादीभर. तिने लाल पेनानेच मला दार दाखवलं. स्वयंपाकघरात आई आणि शेजारच्या काकू मागच्या भिंतीवरून बोलत होत्या, आणि आई हसत होती. माझ्या आईला मी हसताना पाहिलेलं आहे, अर्थात. पण हे हसणं वेगळं होतं. खिंकाळल्यासारखं, पदर तोंडाशी न नेता, भिंतीवर हात आपटत. मी आत गेल्यावर दोघी गप्प झाल्या. काकू म्हणाल्या, "काय साहेब, आज गाडी नाही?" आणि मी पाणी पिऊन बाहेर आलो.

असा फिरत फिरत मी अकरा वाजता जिन्यात पोचलो. ऊन, पायरी आणि मांजर यांची गोष्ट मला कळली ती अशी. मांजरीने माझ्याकडे पाहिलं, जागा मोजली, आणि पाचव्या पायरीवर सरकली. त्या दिवशी घरात माझ्यासाठी सरकलेली ती पहिली व्यक्ती.

पण तिथे बसल्यावर घर ऐकू यायला लागलं. घंटागाडी कधीच येऊन गेली होती. मग एक भाजीवाल्या मावशी आल्या, त्या ओरडत नाहीत, आमच्या फाटकाची कडी दोनदा वाजवतात आणि आई आतून नुसतं "आज नको" म्हणते, त्याचा अर्थ 'थांबा' असा होतो. सुऱ्यांना धार लावणारा सायकलवरून गेला. कुणाच्या तरी कुकरला चौथी शिट्टी होईना म्हणून दोन घरांतल्या बायका अस्वस्थ होत्या. मध्येच सर येऊन गेली, उन्हातच. आणि लेक अभ्यास करता करता गुणगुणते, सलग, एकाच पट्टीत, डासासारखी. ती गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. मी घरी पोचतो तेव्हा ती झोपलेली असते, आणि झोपेत ती गुणगुणत नाही.

आता बाबांच्या साडेआठबद्दल सांगायला हवं.

बाबा दिंडोरी रोडवरच्या मेरीत आरेखक होते. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था असं पूर्ण नाव, पण नाशिकमध्ये ते कुणी घेत नाही. वसाहतसुद्धा मेरी कॉलनीच. धरणं दुसऱ्यांनी बांधली, बाबांनी कागदावर त्यांच्या रेषा ओढल्या. २००९ साली निवृत्त झाले आणि रेषा ओढायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी पाऊस मोजायला घेतला. गच्चीवर, टाकीपासून लांब, उघड्यावर एक सरळ भिंतींची बरणी आणि तिच्या तोंडाएवढंच नरसाळं. रोज सकाळी साडेआठला माप. साडेआठच, कारण हवामान खातंही त्याच वेळेला आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं. मी नेमका त्या वेळेला घाट उतरलेला असतो.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर गच्चीवर गेलो. ते गुडघ्यावर बसले, पट्टी बरणीत उभी धरली, डोळा पाण्याच्या रेषेत आणला. "चार," म्हणाले. मग मला म्हणाले, "बघ तू." मीही बसलो. चारच होतं. मी विचारलं, बरणी मोठी घेतली असती तर पाऊस जास्त भरला असता का? या प्रश्नावर माझे वडील एवढे खूश झाले की मला वाईट वाटलं, हे आधी कधी विचारलं का नाही. "तोंड आणि तळ सारखे असले की रुंदीचा संबंध नाही. रुंद बरणीत पाणी जास्त, पण उंची तीच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. आपली गच्ची साठ चौरस मीटर धर. चार मिलिमीटर म्हणजे?"

"दोनशे चाळीस लिटर."

"म्हणजे एक पिंप आणि वर थोडं. ते कुठे गेलं?"

मी नळाकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. "वाघाडीत गेलं. वाघाडी गोदावरीत, गोदावरी नांदूरमध्यमेश्वरला, तिथून पैठण. आपल्या गच्चीवरचं पाणी जायकवाडीत मोजतात." मग ते नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा या विषयावर गेले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्के नसलं की वरून पाणी सोडावं लागतं, हा नियम, त्यावरची भांडणं, आणि दोन्ही बाजू कशा बरोबर आहेत. सरकारी माणूस निवृत्त झाल्यावरच दोन्ही बाजू बरोबर आहेत असं म्हणू शकतो. हा भाग मी वगळतो. वीस मिनिटांचा होता.

खाली आल्यावर त्यांनी वही काढली. आडव्या रेघांची, जाड पुठ्ठ्याची वही, दर वर्षी एक. कपाटाच्या खालच्या खणात सगळ्या ओळीने उभ्या आहेत. तारीख, घर, मग पेपरातल्या चौकटीतून उतरवलेले धरणांचे साठे: गंगापूर, कश्यपी, दारणा, मुकणे, पालखेड. गंगापूरच्या नावाखाली कंसात ५६३० लिहिलेलं, दशलक्ष घनफुटांत, म्हणजे पूर्ण भरल्यावर किती ते. अक्षर अजून आरेखकाचं, सात आणि एक यांत कधी गोंधळ होणार नाही असं.

शेवटच्या रकान्याचं नाव 'घाट'.

त्यात आकडे नव्हते. शब्द होते. होता. नव्हता. होता. होता. जोरात. नव्हता. माहीत नाही (झोपला होता). होता. पुन्हा: माहीत नाही, चिडला.

मला समजायला वेळ लागला. मग मी खालच्या खणातून २०१२ ची वही काढली. त्याच्याआधी हा रकाना नाही. तिथून पुढे प्रत्येक वहीत आहे, जून ते ऑक्टोबर. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की बाबा मला हा प्रश्न हिवाळ्यात विचारत नाहीत. उन्हाळ्यात विचारत नाहीत. तेरा वर्षं मी समजत होतो की हा म्हाताऱ्या माणसाचा 'जेवलास का' सारखा प्रश्न आहे, आणि मी 'होता' म्हणून पुढे जात होतो. काही वेळा, मला आता नीट आठवतं, पाऊस होता की नव्हता हे न पाहताच. डब्यात पत्ते चाललेले असत, काचा बंद असत, मी काहीतरी ठोकून देत असे. तेही तिथे लिहिलेलं होतं, त्याच स्वच्छ अक्षरात.

"हे कशाला?" मी विचारलं.

"दारणेला," बाबा म्हणाले. "गंगापूरचा पाऊस त्र्यंबकचा. घाटमाथ्यावर इगतपुरीला पडला की दारणा वाढतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा आला की ताडून बघतो." मग जरा थांबून, "तू घाटाच्या वर होता की खाली होता, ते सांगत नाहीस. इगतपुरीला पडलेला आपला, तो बंगालच्या उपसागरात जातो. कसाऱ्याला पडलेला अरबी समुद्रात. नुसतं 'होता' म्हटल्यावर मी काय समजायचं?"

मी म्हटलं, विचारायचं ना वर की खाली.

"दमून आलेला असतोस," बाबा म्हणाले.

२०२० ची वहीही मी पाहिली. त्या पावसाळ्यात घाटाच्या रकान्यात एकच शब्द, ओळीमागून ओळ: घरी. घरी. घरी. तेव्हा होतो की मी घरी, महिनोन् महिने. पण मागच्या खोलीचं दार लावून, कानात यंत्र घालून, पगारकपातीचे हिशेब करत. तेव्हा दिवस होता का, ऊन कुठल्या पायरीवर येत होतं, मला काही सांगता येणार नाही.

दुपारी आणखी एक गोष्ट कळली, ती सांगितल्याबद्दल मला घरात बोलणी बसणार आहेत. साडेतीनला सगळे झोपले असं समजून मी पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात आई-बाबा टेबलाशी बसून पत्ते खेळत होते. रमी नव्हे, ब्रिज तर नव्हेच. भिकार-सावकार. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि एकोणसत्तर वर्षांची बाई, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, एकही शब्द न बोलता, एकेक पान टाकत होते. कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाखाली, दोन उभ्या रेघांत जिंकल्या डावांच्या खुणा. आई बरीच पुढे होती. त्यांनी मला पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लेकीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे, रात्री पांघरुणात मोबाइल सापडल्यावर.

"तिसरा भिडू घेता का?" मी विचारलं.

"याला दोनच लागतात," आई म्हणाली.

रविवारबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच त्यातलं चांगलं. सकाळी घरीच मिसळ केली. बाहेर जाऊ या असं मी म्हटलं होतं, पण बायको मोबाइलवर रांगांचे फोटो दाखवत म्हणाली, "तू जा, पत्ता ठाण्याच्या भावाला विचार." मोड आलेली मटकी होतीच, काळा मसाला आईचा, रश्श्यावर तर्री बेताची. नाशिकच्या मिसळीला पापड आणि दही हवंच, त्याशिवाय ती नुसती उसळ. बाबांनी दोन पाव खाल्ले आणि तिसरा कुणी पाहत नसताना. दुपारी पाऊस पडला, कुणी काही केलं नाही.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "नदीवर जाऊन येऊ." पूर नव्हता, पण पावसाळ्यात नाशिककराला अधूनमधून गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीची हजेरी घ्यावीशी वाटते. आमच्याकडे पुराचं माप तोच. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, असं मारुतीवरून सांगतात आणि ऐकणाऱ्याला सराफ बाजारात कुठपर्यंत पाणी शिरलं असेल ते बरोबर कळतं. त्या संध्याकाळी मारुतीचे पाय कोरडे होते आणि त्याच्याकडे पाठ करून लोक फोटो काढत होते. बाबांनी लेकीला १९६९ चा पूर सांगितला. ते तेव्हा अठरा वर्षांचे, पंचवटीतल्या वाड्यात. वाड्यातल्या बायकांनी धान्य माडीवर चढवलं आणि पाटा-वरवंटा खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर पाटा जागच्या जागी होता, वरवंटा कधीच सापडला नाही. "तो पैठणला गेला असेल," लेक म्हणाली. तिलाही ते वीस मिनिटांचं भाषण कधीतरी झालेलं दिसलं.

मग बाबा तिला क्युसेक समजावू लागले. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे जवळजवळ तीन टँकर, दर सेकंदाला. ती पुलावरून टँकर मोजू लागली: तीन, सहा, नऊ, बारा. बाजूचं एक पुण्याचं कुटुंब तिच्याकडे बघत राहिलं. परत येताना भद्रकालीतून चिवडा घेतला, रात्री त्यावर कच्चा कांदा चिरून तेच जेवण झालं. माझ्या सोमवारच्या डब्याचं बायकोने विचारलं तेव्हा मला खरोखर एक क्षण आठवेना की सोमवारी काय असतं.

झोपण्याआधी मी खालचा खण पुन्हा उघडला. यंदाची वही वरच होती. १५, १६, १७. घाटाच्या रकान्यात तिन्ही दिवशी एकच शब्द होता, घरी. सतराव्या तारखेची शाई अजून नवी दिसत होती.

सोमवारी मुंबईत पाऊस असा होता की दुपारपासून सगळे एकमेकांना गाड्या आहेत का विचारत होते. आमची गाडी निघाली, रखडत रखडत. कसाऱ्याला थांबली तेव्हा मी उठलो, दारात गेलो आणि हात बाहेर काढला. कोपरापर्यंत भिजला. घाट चढून इगतपुरीला पुन्हा उठलो. इथे थेंब बारीक होता, पण वाऱ्याबरोबर आडवा येत होता, आणि प्लॅटफॉर्मच्या दिव्याभोवती धुकं. खात्री असावी म्हणून दुसराही हात काढला.

"काय हो, काय पडलं?" पत्त्यांतून मान वर करून एकाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "माप घेतोय."

घरी पोचायला साडेअकरा झाले. बाबा जागे होते. मी चपला काढेपर्यंत थांबले.

"घाटात पाऊस होता का?"

"खाली जोरात," मी म्हटलं. "वर रिपरिप, पण वारा पश्चिमेचा."

बाबांनी चष्मा शोधला. मी ताटावरचं झाकण काढलं.